इथे केरेकेरे चालणार नाही

ऑस्ट्रेलियापलीकडच्या आमच्या बेटावर, लौटोकात, तोंडावर 'नाही' म्हणणारी बाई एकच, हे मासळीबाजारापासून साखर कारखान्याच्या फाटकापर्यंत कुणीही सांगेल. बाकीच्यांना तो शब्द येत नाही असं नाही, पण ओठांवर आला की अडतो. नातलग दारात येऊन मान खाली घालून 'केरेकेरे' म्हणाला की विषय संपला. कोंबडी मागो, कुदळ मागो, नाहीतर अंगातला सदरा मागो, द्यायचं. उद्या आपणही त्याच्याच दारात उभे राहणार असतो. उनाईसी मात्र सरळ 'सेंगा' म्हणायची. सेंगा म्हणजे नाही. म्हणता म्हणता तिचं नावच सेंगाबाई पडलं, आणि तिने तेही मनाला लावून घेतलं नाही.

सुखराजीच्या शिलाईच्या दुकानावरची माडी हे तिचं ग्रंथालय. लोक त्याला 'चटई' म्हणतात, कारण आत खुर्ची नाही. भिंतीला लागून बिस्किटांचे पत्र्याचे डबे रचलेले, आणि मधोमध केवड्याच्या पानांची एक जुनी चटई, कडा उसवलेली. पुस्तकं मोजकीच. गोदीतल्या माणसांनी जहाज रिकामं करायला नकार दिला तेव्हाची पत्रकं, आमच्या समुद्रात बाँब फोडू नका म्हणून शाळेतल्या पोरींनी रंगवलेले फलक, ऊसवाल्यांच्या सभांच्या ध्वनिफिती, खाणकामगारांच्या बायकांनी संपात रचलेली गाणी, असा सगळा ऐवज त्या डब्यांत डांबरगोळ्या घालून ठेवलेला. वाचायचं तर चटईवर बसून वाचा, चहा मिळेल, पण कागद जिना उतरणार नाही. दारावर तिने स्वतःच्या हाताने लिहून पुठ्ठा टांगला होता: इथे केरेकेरे चालणार नाही. बाहेरगावचे लोक तो वाचून हसायचे. गावातले हसायचे नाहीत, कारण प्रत्येकाने एकदा तरी तो पुठ्ठा खोटा ठरवायचा प्रयत्न करून पाहिला होता.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं कुठून, तेही सांगतो. तरुणपणी ती कापड कारखान्यात शिलाईच्या यंत्रावर होती. तिथे संडासाची किल्ली मुकादमाच्या खिशात असायची. बायकांनी मागायची, त्याने हसायचं आणि लहर लागली तर द्यायची. एकदा त्याने शेजारच्या यंत्रावरच्या आसिनातेला असंच तिष्ठत ठेवलं. आसिनातेला आठवा महिना होता. उभ्या उभ्या तिचा धीर सुटला, आणि ती सगळ्यांच्या देखत रडली. उनाईसीने यंत्र बंद केलं. मुकादम म्हणाला, सुरू कर. ती म्हणाली, सेंगा. तिच्या जन्मातला तो पहिला सेंगा. दुसऱ्या दिवशी बायका घरून चटया घेऊन आल्या आणि कारखान्यासमोरच्या रस्त्यात बसल्या. मालाच्या गाड्या आतल्या आत आणि बाहेरच्या बाहेर राहिल्या.

संपकऱ्यांसाठी ऊसवाल्या शेतकऱ्यांनी तांदळाची आणि पिठाची पोती दिली होती. ती उनाईसीच्या घरी होती. एक दिवस गावाकडून मामा आला. तिकडे मयत झाली होती, गावजेवण घालायचं होतं. तो दारात बसून केरेकेरे म्हणाला, आणि उनाईसीच्या आईने पोती उचलून दिली. आई दुसरं काय करणार, भाऊच होता तो. त्या आठवड्यात बायकांनी आधी उकडलेला कसावा खाल्ला, मग नुसता चहा प्यायल्या. मग काही जणी पोरांकडे बघून मान खाली घालून कामावर गेल्या. संप अर्धाच जिंकला. किल्ली मिळाली, पगारवाढ नाही. उनाईसीने आईला एका शब्दाने दुखावलं नाही. पण तेव्हापासून तिच्याकडे कुणी काही मागितलं की सेंगा. आणि तिने स्वतःही उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही. आपण देत नाही तर मागायचं कुठल्या तोंडाने, एवढा न्याय तिच्यात होता.

तर अशा या माडीचं छप्पर गळायला लागलं. वादळात दोन पत्रे उडाले, डबे या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरकवावे लागले, आणि एका फळीला वाळवी लागली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या विद्यापीठाचे डॉक्टर व्हिटकम येऊन गेले. माणूस वाईट नव्हता. चटईवर पाय दुमडून तासन्‌तास बसायचा, कागद दोन्ही हातांनी धरायचा. त्याचं म्हणणं एवढंच, की हे सगळं तिकडे थंड खोलीत ठेवू, शंभर वर्षं काही होणार नाही, तुम्हाला नकला पाठवू. उनाईसी म्हणाली, सेंगा. तो पुन्हा आला. पुन्हा सेंगा.

तिसऱ्यांदा तो इलिसोनीला घेऊन आला. इलिसोनी म्हणजे आसिनातेचा मुलगा. तिकडे शिकला, त्याच विद्यापीठात नोकरीला लागला. उनाईसी त्याच्या बापाच्या गावची, म्हणून तो तिला नेई म्हणायचा, म्हणजे आत्या. पोरगा हुशार. रीतभात पाठ, पण शहरातल्या पोरांना असते तशी, गरजेपुरती.

शनिवारी दुपारी ते आले. पाहुण्यांनी यांगोनाच्या मुळ्यांची जुडी पुढे ठेवली, कुटून पाण्यात कालवून सगळ्यांनी मिळून प्यायला, ती रीतच आहे. समोर सगळ्यांत वडील म्हणून इनोसीबाबा बसले होते. हे जुने गोदी कामगार. जहाज अडवणाऱ्यांतले शेवटचे उरलेले. आणि त्याआधी, पिढ्यान्‌पिढ्या, सरदारांच्या वतीने बोलणाऱ्या घराण्यातले. ग्रंथालयाच्या पंचांत ते होते, पण बैठकीत बहुधा पेंगायचे. उनाईसी मागे चहा करत होती. यांगोना झाला की डॉक्टर बोलेल आणि आपण सेंगा म्हणू, असा तिचा हिशेब.

पण डॉक्टर बोललाच नाही. इलिसोनीने पिशवीतून काथ्याच्या वेणीला बांधलेला देवमाशाचा दात काढला. तेल चोळून पिवळाधमक झालेला, हाताला जड. तो दोन्ही हातांत धरून पोरगा गुडघ्यांवर पुढे आला आणि जुन्या भाषेत बोलू लागला. देवमाशाचा दात पुढे आला की खोलीतलं वारं थांबतं. लग्न त्याच्यावर ठरतं, भांडण त्याच्यावर मिटतं, आणि एकदा घेतला की मागणं मान्य झालं, मग ते काहीही असो.

इनोसीबाबा दचकून जागे झाले. समोर दात, कानावर ती भाषा. म्हाताऱ्याचं डोकं जागं व्हायच्या आधी अंग जागं झालं. पाठ ताठ झाली, ओंजळीच्या तीन खोल टाळ्या वाजल्या, हात पुढे गेले. बापाकडून शिकलेलं सगळं घडाघडा तोंडातून बाहेर पडलं: तुमचा दात आम्ही घेतला, तुमची इच्छा पुरी झाली, तुम्ही आम्ही एक झालो. गेल्या कित्येक वर्षांत ते इतकं सुंदर बोलले नव्हते. उनाईसी किटली घेऊन आली तेव्हा दात त्यांच्या मांडीवर होता.

"काय मागितलं यांनी?" इनोसीबाबांनी तिलाच विचारलं.

डबे न्यायला बारा दिवसांनी, गुरुवारी, ट्रक येईल असं सांगून पाहुणे गेले. दात परत करता येत नाही असं नाही, पण घेतलेला परत करणं म्हणजे घेणाऱ्याच्या तोंडाला काळं फासणं. मग किनाऱ्यावरच्या गावागावांत हसून सांगितलं असतं, की इनोसी म्हातारचळला, झोपेत दात घेतो, आणि बाया येऊन तो परत करतात. म्हातारा स्वतःच तसं म्हणत होता. म्हणाला, "सांगा त्यांना, याला काही कळत नाही. खोटं थोडंच आहे?"

"सेंगा," उनाईसी म्हणाली. "तुम्ही जहाज अडवलंत. तुमच्यावर कुणी हसलं तर हे डबे ठेवून मी काय करू? लोणचं घालू?"

ती बोलली खरी, पण त्या रात्रीपासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. एकीकडे डबे, दुसरीकडे म्हाताऱ्याची अब्रू. डबे म्हणजे तरी काय, अशाच माणसांची अब्रू. एकाला वाचवायला दुसऱ्याला विकायचं, असा पेच कुणावर येऊ नये. तिला इलिसोनीचा राग यायचा, मग छपराचा, मग त्या दातासमोर सगळ्यांची वाचा गेली त्याचा, आणि शेवटी स्वतःचा, की शनिवारी आपण चहाच का करत बसलो.

उपाय सुखराजीने सांगितला. सुखराजीचे आजोबा ऊस तोडायला बोटीतून आले होते. तिला या रीतीभातींकडे बाहेरून बघायची सवय होती, आणि बाहेरून कधीकधी नीट दिसतं. काज करता करता ती म्हणाली, "बहिनी, त्याने तुझ्या रीतीने नेलं ना? मग तूही तुझ्या रीतीने माग. तुमच्यात मागायला एक शब्द आहे, ज्याला नाही म्हणता येत नाही. मला चांगला ठाऊक आहे. तीस वर्षं तुझी माणसं तो म्हणून माझा दोरा नेतात."

उनाईसी चिडली. म्हणाली, तो शब्द माझ्या दारावर लटकतोय, वाचता येत नाही का तुला?

"येतं की. तुलाच लिहिता येतो, म्हणता येत नाही."

उनाईसी जिना चढून गेली. चार दिवस ती सुखराजीशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने जुन्या मैत्रिणींची घरं धरली. घरात जायची, चहा प्यायची आणि एवढंच सांगायची, की ट्रक गुरुवारी येतोय, तुमच्या चटया आहेत का अजून? मागत मात्र काहीच नव्हती.

गुरुवारी सकाळी कारखान्याच्या धुराड्यातून उसाची काळी राख उडत होती आणि खाली रस्त्यात ट्रक उभा होता. हमालांनी डबे लाकडी खोक्यांत भरून दारापाशी आणून ठेवले होते. एका खोक्यावर इनोसीबाबा बसले होते. उठा म्हटलं तर त्यांना ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात कोपऱ्यावरून बायका आल्या. आज्या झालेल्या, कुणी काठी टेकत, कुणी नातीच्या खांद्यावर हात ठेवून, काखेत गुंडाळलेल्या चटया. त्यांनी ट्रकच्या नाकासमोर चटया पसरल्या आणि बसल्या. आपापल्या जागी, जशा तेव्हा बसल्या होत्या तशाच. मधल्या ज्या वारल्या त्यांच्या जागा मोकळ्या सोडल्या.

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. एक जण म्हणाली, वाजव बाबा, आमच्यातल्या निम्म्या बहिऱ्या आहेत.

इलिसोनी धावत आला. "नेई, हे काय? दात घेतलाय तुम्ही."

"घेतलाय. कोण नाही म्हणतंय?"

"मग रस्ता का अडवलाय?"

"अडवला कुठे? तुझ्याकडे आलोय. पाहुण्यांच्या वतीने दात कुणी धरला होता? तू. मग रीतीने हे सगळं आता तुझं."

एवढं बोलून ती थांबली. बायका तिच्याकडे बघत होत्या. सगळ्यांना ठाऊक होतं पुढे काय म्हणायचं ते. आसिनाते मागून म्हणाली, "उना, आधी तू. सगळ्यांना नाही म्हणत आलीस, आता तुझ्या तोंडून ऐकू दे."

उनाईसीला आईची आठवण झाली, पोती उचलून देताना जिचा चेहरा कोराच राहिला होता. आई तेव्हा दुबळी होती असं ती जन्मभर समजत आली होती. मागायला आणि द्यायला किती बळ लागतं ते आत्ता त्या रस्त्यात कळत होतं. ती गुडघ्यांवर बसली, आपल्या मांडीवर खेळवलेल्या पोरासमोर मान खाली घातली, ओंजळीने टाळी वाजवली.

"केरेकेरे," ती म्हणाली. "तुझ्या खोक्यात आमच्या संपाचं निशाण आहे. चिंध्यांचं. ते मला दे."

इलिसोनीचा चेहरा उतरला. त्याने आजूबाजूला पाहिलं. हमाल पाहत होते, बाजारातली माणसं जमली होती, इनोसीबाबा खोक्यावर ताठ बसून पाहत होते. त्याने वाकून खोकं उघडलं आणि निशाण काढून दिलं. मग दुसरी पुढे सरकली. केरेकेरे, माझ्या नवऱ्याच्या गोदीचं पत्रक. मग तिसरी. केरेकेरे, माझ्या बहिणीने गायलेली ध्वनिफीत. इलिसोनी काढून देत गेला, नुसता घाम पुसत. सुखराजी पुढे आली तेव्हा तो कळवळून म्हणाला, "मावशी, तुमच्यात कुठे आहे हे?"

"नाही ना. म्हणून तर आजवर नुसती देत आले. आज एकदा घेऊ दे. ऊसवाल्यांच्या सभेचा सगळा डबा दे, माझा बाप बोललाय त्यात."

डॉक्टर व्हिटकम हे सगळं टोपी हातात घेऊन पाहत होता. त्याने इलिसोनीला हळूच विचारलं, की तुला नाही म्हणता येणार नाही का?

"सर, तुम्ही म्हणा," इलिसोनी म्हणाला. "मला नाताळला घरी जायचंय."

शेवटी आसिनाते उठली. पोटच्या पोरासमोर आई गुडघ्यांवर बसते आहे हे पाहून इलिसोनीने तिचे दंड धरले, आई, तू नको, आई, तू नको. तिने त्याचे हात बाजूला केले. तिला एक फोटो हवा होता. तो त्याने शोधून काढला आणि देता देता पाहिला. रस्त्यात चटयांची रांग, मधोमध एक पोरसवदा बाई, गुडघे पसरून बसलेली, दोन्ही हात भल्यामोठ्या पोटावर, आणि डोळे थेट फोटो काढणाऱ्यावर रोखलेले. त्याने हा फोटो आधी कधी पाहिला नव्हता. खोकी भरताना त्याने एकही डबा उघडला नव्हता.

"पोटात कोण आहे ते विचार की," आसिनाते म्हणाली. "तूही बसला होतास संपावर. आज मात्र ट्रक घेऊन आलास."

इलिसोनी खाली बसला. उरलेली खोकी त्याने स्वतःच माडीवर चढवली, हमालांना हातही लावू दिला नाही. इनोसीबाबांना त्याने उठा म्हटलं तेव्हा मात्र त्यांना पहिल्याच हाकेला ऐकू आलं. ते दात हातात घेऊन उठले. दात त्यांच्याकडे होता, दिलेला शब्द पाळला होता, आणि माल जागच्या जागी होता. रीत कुठेही मोडली नव्हती. पोरगा ती अर्धी घेऊन आला होता, बायकांनी पुरी करून दिली.

डॉक्टर निघायला लागला तेव्हा उनाईसीने त्याला हाक मारली. एकदा तोंड उघडल्यावर तिला आता भीड राहिली नव्हती. म्हणाली, दात दिलात म्हणजे तुम्हीही आता घरचे झालात. केरेकेरे, तुम्ही ट्रकमध्ये आणलंय ते कागदांचे फोटो काढायचं यंत्र इथे ठेवून जा. नकला आम्ही काढू, तिकडच्या थंड खोलीत त्या ठेवा. डॉक्टर आधी लाल झाला, मग हसला, आणि यंत्राची तार गुंडाळून तिच्या हातात दिली.

बायकांनी घरी नेलेल्या वस्तू परत आणायला उनाईसीला दारोदार फिरावं लागलं. दोन घरांत तर तिला हसत हसत 'सेंगा' ऐकावं लागलं. ती उंबऱ्यावर बसून राहिली. मिळेपर्यंत उठली नाही.

इलिसोनीच्या वाट्याला छप्पर आलं. त्याचे दोन हात तिने केरेकेरे म्हणूनच मागून घेतले होते. सुट्टी काढून तो पत्र्यांवर खिळे ठोकत बसला, उन्हात भाजला, आणि खालून सुखराजी त्याला सांगत राहिली की खिळा वाकडा जातोय. काम संपलं त्या दुपारी तो आत आला. दारावरचा पुठ्ठा तसाच होता, फक्त त्याच्या वरच्या खिळ्याला आता देवमाशाचा दात लटकत होता. त्याने हात धुतले, उनाईसीसमोर गुडघे टेकले, मान खाली घातली.

"नेई, केरेकेरे. आईचा तो फोटो. तिकडे घरात लावीन म्हणतो."

उनाईसीने त्याच्याकडे पाहिलं. भाजलेली मान, खिळ्यांनी सोललेली बोटं. आपलंच पोर.

"सेंगा," ती म्हणाली, आणि चटईवर त्याच्यासाठी जागा करून तिने डबा उघडला. "इथे बसून बघ."